कापगते सरांचं कुलूप

खोटं कशाला बोलू, पहिली पाच-सहा वर्षं मला कापगते सर अजिबात आवडत नव्हते. आमच्या कॉलेजात कॉम्प्युटरच्या खोलीशी ज्याचं ज्याचं काम पडायचं, त्यातल्या कोणालाच ते आवडत नव्हते. मी ऑफिसात लिपिक, म्हणजे माझं काम रोजच पडायचं. दाराशी पोचलं की आतून आवाज यायचा, "चपला." या नाही, बसा नाही. चपला काढल्या की पुढचा प्रश्न, हात धुतले का. एकदा मी चिडून म्हटलं, सर, मी काय देवघरात येऊन राहिली का? त्यांनी मान वर न करता सांगितलं की देवघरात धूळ चालते, देवाला खोकला होत नाही.

नवेगाव बांधच्या अलीकडे रस्त्याला लागून आमचं कनिष्ठ महाविद्यालय. कापगते सर तिथे मुळात रसायनाच्या प्रयोगशाळेत परिचर होते. नव्याण्णवच्या सुमारास संस्थेनं दोन कॉम्प्युटर घेतले आणि शिकायला गोंदियाला कोण जाणार असं मीटिंगमध्ये विचारलं, तेव्हा एकूणएक शिक्षक टेबलाकडे पाहू लागले. चहाचे कप उचलायला आलेल्या या माणसानं कप तसेच हातात धरून सांगितलं, मी जातो. सहा महिने रोज सकाळच्या बसनं गेले. तिकडे सगळं हिंदीत शिकवायचे, आणि यांची हिंदी अशी की गोंदियाचा रिक्षावालाही हसायचा. पण परत आले ते एक जाडजूड वही भरून. त्या वहीत प्रत्येक बटणाचं काम त्यांनी आपल्या शब्दांत लिहून ठेवलं होतं. एंटर म्हणजे 'हव', आमच्याकडचं हो. एस्केप म्हणजे 'राहू दे'. पोरांनी त्यांना सर म्हणायला सुरुवात केली आणि मग आम्हालाही म्हणावं लागलं.

अंगानं काटकुळे, चष्म्याला मागून दोरी बांधलेली, शर्टाच्या खिशात स्क्रीन पुसायचं मऊ फडकं. कॉम्प्युटरवर घालायला त्यांनी बायकोच्या जुन्या लुगड्याची झाकणं शिवून घेतली होती, हिरवी, लाल काठाची. लाइन गेली की उठून एकेक पिन स्वतःच्या हातानं काढायचे आणि आली की पंधरा मिनिटं थांबून लावायचे. मशीन बिघडलं तर समोर बसून दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवायचे आणि मिनिटभर नुसतं पाहत राहायचे. आम्ही घाई केली की म्हणायचे, पहिले पाहून घ्या, मंग हात लावा. पोट्टे त्यांची हुबेहूब नक्कल करायचे, गुडघ्यांवर हात ठेवून, चष्मा नाकावर आणून. सरांना ते ठाऊक होतं. रागावले नाहीत कधी.

माझं मत बदललं ते तपासणीच्या दिवशी. बाहेरून साहेब आलेले, आणि हजेरीचा अख्खा तक्ता मी घाईत पुसून टाकला.  सरांनी खुर्ची ओढली, हात गुडघ्यांवर ठेवले, पाहिलं, आणि पाऊण तासात कुठूनतरी तो तक्ता परत काढला. प्राचार्यांनी विचारलं, उशीर का झाला? सर म्हणाले, बाईची चूक नाही जी, मशीनच थकली होती. खोटं बोलायची त्या माणसाला सवय नव्हती, त्यांचे कान तांबडेलाल झाले होते. त्या दिवसापासून मी दाराबाहेरच चपला काढायला लागले, आवाज यायच्या आधी.

आता कुलपाचं सांगते.

आमचे भौतिकशास्त्राचे राहांगडाले सर म्हणजे हौशी माणूस. पेन ड्राइव्ह नवे नवे आले तेव्हा त्यांनी गोंदियाच्या फोटो स्टुडिओतून भाचीच्या लग्नाचे फोटो आणले आणि सगळ्यांना दाखवायला म्हणून मधल्या सुट्टीत थेट ऑफिसच्या कॉम्प्युटरला लावले. फोटो पाहून झाले, जेवण कसं होतं तेही सांगून झालं. दुसऱ्या दिवशी बारावीच्या प्रात्यक्षिकाचे सगळे गुण गायब. प्रत्येक फाइलच्या जागी तिचंच नाव असलेलं रिकामं खोकं. आठ दिवस सगळ्या स्टाफनं बसून जुन्या वह्यांवरून गुण पुन्हा भरले. राहांगडाले सरांना कोणी काही बोललं नाही. कापगते सर मात्र आठ दिवस जेवणाचा डबा तसाच परत नेत होते.

नंतर त्यांनी प्राचार्यांच्या मागे लागून सुरक्षेचं सॉफ्टवेअर आणवलं. सगळे त्याला अँटिव्हायरस म्हणायचे. पण ते नुसतं व्हायरस मारणारं नव्हतं, कॉम्प्युटरची फायरवॉलही त्यानं आपल्या ताब्यात घेतली होती. फायरवॉल म्हणजे बाहेरच्या इंटरनेटवरून काय आत येईल आणि आतून काय बाहेर जाईल हे ठरवणारा पहारा. सरांनी या पहाऱ्याला पासवर्डचं कुलूप लावलं आणि पासवर्ड कोणालाच सांगितला नाही. प्राचार्य म्हणाले, निदान लिफाफ्यात घालून माझ्या कपाटात ठेवा. सरांनी ऐकून घेतलं आणि ठेवला नाही.

मी विचारलं होतं त्यांना, कायले एवढं? तेव्हा त्यांनी मला घरचं सांगितलं. सर कोहळी, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या तलाव बांधणाऱ्या जातीचे. त्यांच्या वाडवडिलांनी बांधलेला गावतलाव आजही त्यांच्या गावाची शेती भिजवतो. तलावाच्या पाळीखालून, म्हणजे बांधाखालून, पाणी सोडायची जी मोरी असते तिला तुडूम म्हणतात. त्यांच्या गावच्या तुडुमाला लाकडी डट्टे, म्हणजे मोठाली बुचं, आणि ते काढायचा मान कापगत्यांच्या घराला. दुसऱ्यानं हात लावायचा नाही. सरांच्या आज्याच्या वेळी म्हणे कोणीतरी दुसऱ्यानं आपल्या बांधीसाठी, म्हणजे धानाच्या शेतासाठी, गुपचूप डट्टा काढला. खालचं धान वाहून गेलं आणि वरचं वाळलं. तेव्हापासून गावाचा नियम आणखी कडक झाला. सरांचे वडील गेल्यावर ते काम सरांकडे आलं. पावसानं दगा दिला आणि धान लोंबी निघायच्या आधी पोटरीतच अडकलं, की गाव बसून दिवस ठरवणार आणि सर पाण्यात उतरून डट्टा काढणार. त्यासाठी ते वर्षातून एक-दोन दिवस रजा घ्यायचे. एरवी तापानं फणफणले तरी घ्यायचे नाहीत. मला ती गोष्ट फार आवडली होती. पासवर्ड एकाच माणसाकडे असणं बरोबरच आहे, असं तेव्हा मलाही वाटलं. हे मी लपवत नाही.

दोन हजार दहाच्या आसपासची गोष्ट. आमच्या कॉलेजला नर्सिंगच्या प्रवेशाचं केंद्र मिळालं होतं. पोरींनी कागद आणायचे, आम्ही तपासायचे, आणि वरच्या कार्यालयानं दिलेल्या प्रोग्राममधून अर्ज पाठवायचा. तो प्रोग्राम नोंदलेल्या एकाच कॉम्प्युटरवर चालायचा, म्हणजे लाल काठाच्या झाकणाखालच्या पहिल्या मशीनवर. शेवटची फेरी होती. शेवटच्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत मुदत. आमच्याकडचे सगळे अर्ज गेले होते, फक्त सरिता राहिली होती.

सरिता नवेगावच्या तलावावर मासेमारी करणाऱ्या घरातली. बारावीला आमच्या कॉलेजातून मुलींमध्ये पहिली. गुणांच्या यादीत तिचं नाव असं वर होतं की अर्ज पोचला की जागा तिचीच, यात कोणाला शंका नव्हती. तिच्या घरी तिच्याआधी दहावीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. अडलं होतं ते जातीच्या दाखल्यासाठी. तहसीलमधून तो दाखला निघाला शेवटच्या दिवशी सकाळी. बारा वाजता ती बापाला घेऊन आली, दोघंही घामानं निथळत. मी म्हटलं, बसा, पाणी प्या, दहा मिनिटांचं काम आहे.

त्या दिवशी कापगते सर रजेवर होते. त्यांच्या गावचं तुडूम उघडायचं होतं.

मी प्रोग्राम सुरू केला. त्यानं सांगितलं, नवी आवृत्ती आली आहे. मी घेतली. मग तो वरच्या सर्व्हरशी जोडलाच जाईना. इंटरनेट सुरू होतं, बाकी सगळं उघडत होतं. हा एकच प्रोग्राम गोल गोल फिरायचा आणि थांबायचा. राहांगडाले सर म्हणाले, फायरवॉल अडवून राहिली, नव्या आवृत्तीला परवानगी द्यावी लागेल. फायरवॉलची खिडकी उघडली. सगळी बटणं राखाडी. दाबली तरी दबेनात. वर इंग्रजीत एक ओळ होती, की तुमच्या सुरक्षेसाठी या सेटिंग्ज दुसरा प्रोग्राम सांभाळतो आहे. अँटिव्हायरसमध्ये गेलो तर त्यानं पासवर्ड मागितला. तो काढूनच टाकावा म्हटलं तर काढायलाही पासवर्ड. नागपूरला माझा दीर कॉम्प्युटरचं काम करतो, त्याला फोन लावला. तो म्हणाला, वहिनी, सेफ मोडमध्ये सुरू करा. केलं. तिथे अँटिव्हायरस झोपला, पण इंटरनेटही झोपलं. गोंदियाच्या दुकानदाराला फोन केला तर तो म्हणाला, मॅडम, पासवर्ड तो कापगतेजी ने खुद डाला है, हमारे पास कहाँ से आएगा.

सरांचा फोन वाजत राहिला आणि कोणी उचलला नाही. पाण्यात उतरायचं म्हणून तो घरी ठेवलेला असणार. आमचा शिपाई शालिक मोटरसायकल काढून त्यांच्या गावाकडे सुटला. चौदा किलोमीटर, त्यात अर्धा रस्ता कच्चा. सरिता बाकावर बसून होती, फाइल छातीशी धरून. तिनं मला एकदाही विचारलं नाही की झालं का. तिचा बाप मात्र दर पाच मिनिटांनी उठून दारातून आत पाहायचा आणि परत बसायचा. 

साडेचारला दहा मिनिटं कमी असताना सर आले. अर्ध्या चड्डीवर, गुडघ्यापर्यंत चिखल, डोक्याला ओला पंचा. शालिकनं त्यांना पाळीवरून तसंच उचलून आणलं होतं. पायांचा चिखल फरशीवर उमटत ते सरळ मशीनसमोर जाऊन बसले. हात गुडघ्यांवर ठेवले नाहीत. पाहिलंही नाही. पासवर्ड टाइप केला.

चुकीचा आहे, असं आलं.

पुन्हा टाकला. पुन्हा चुकीचा. मग त्यांना आठवलं की शनिवारी रजेवर जाताना राहांगडाले सर मागे उभे होते, म्हणून आपण पासवर्ड बदलला होता. काय बदलला ते मात्र आठवेना. सबंध कॉलेजच्या मशीनचे नंबर ज्या माणसाला पाठ, तो डोक्यावरचा पंचा ओढून चेहरा पुसत बसला. प्राचार्य मागून म्हणाले, सर, घाई करा. राहांगडाले सर म्हणाले, जुना टाकून पाहा जी. सगळे बोलत होते, मीही बोलत होते. त्यांनी तिसऱ्यांदा काहीतरी टाकलं आणि एंटर दाबलं.

पडद्यावर नवी ओळ आली. तीन वेळा चूक झाली, अर्ध्या तासानं पुन्हा प्रयत्न करा.

घड्याळात चार पस्तीस झाले होते.

पाच मिनिटं गेली नसतील, सर एकदम ताठ बसले. माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, लिहून घ्या." आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं पासवर्ड सांगितला. त्यांच्या गावाचं नाव आणि त्यांच्या बांधीचा नंबर, एवढाच होता. मी लिहून घेतला. पण पासवर्डचा रकानाच बंद होता. आम्ही मशीन बंद करून सुरू केलं, तरी ते खाली वेळ मोजतच होतं. घड्याळ मागे-पुढे करून पाहिलं, त्यालाही ते फसलं नाही. सरांनीच शोधून शोधून आणलं होतं ते, कोणालाही न फसणारं. सर मग उठले, दारात गेले आणि सरिताच्या बापासमोर उभे राहिले. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. बाप नुसता मान हलवत होता, हव जी, हव जी. त्याला अजून वाटत होतं की साहेब लोक काहीतरी करतील.

पाच वाजून पाच मिनिटांनी रकाना उघडला. पासवर्ड पहिल्या फटक्यात लागला. राखाडी बटणं निळी झाली. सरांनी प्रोग्रामला परवानगी दिली, दोन क्लिकचं काम. प्रोग्राम लगेच जोडला गेला आणि त्यानं मुदत संपल्याचं सांगितलं.

सरिता उठून आत आली. तिनं पडद्यावरची ओळ स्वतः वाचली, इंग्रजी तिला आमच्यापेक्षा बरं येत होतं. मग बापाला म्हणाली, चाल बाबा. फरशीवरच्या चिखलाच्या पावलांना चुकवून ती बाहेर गेली. मला रडू आलं ते तेव्हा.

त्यानंतरचं काय सांगू. सरांनी प्राचार्यांना लेखी दिलं की चूक माझी आहे. कोणी मागितलं नव्हतं. प्राचार्यांनी तो कागद ड्रॉवरमध्ये टाकला. सरिताच्या बापाला घेऊन सर दोनदा नागपूरला त्या कार्यालयात जाऊन आले. तिथे त्यांना एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर पाठवलं आणि शेवटी सांगितलं, पुढच्या वर्षी या. पुढच्या वर्षी काय झालं, तर सरिताचा बाप पाळीवरून घसरून कमरेनं गेला. खाटेवरून उठायचं झालं तरी दोन माणसं लागायची. घर तिच्यावर आलं. सर अर्ज घेऊन तिच्या घरी गेले होते. मी नाही भरत, असं तिनं दारातूनच सांगितलं. सरांनी अर्ज ओसरीवर ठेवला. आठवड्यानं शालिक तिकडून गेला तेव्हा त्या कागदावर वाळत घातलेल्या मिरच्या होत्या.

कॉलेजात सरांनी पासवर्ड मोठ्या अक्षरांत लिहून कॉम्प्युटरवर चिकटवला. राहांगडाले सरांनी तो काढला, म्हणाले, अहो, असं चालत नसते. सरांनी दुसरा चिकटवला. चपलांबद्दल बोलणं त्यांनी सोडून दिलं. पोरं चिखलाच्या पायांनी आत यायला लागली, पेन ड्राइव्ह लावायला लागली, आणि सर खिडकीतून बाहेर पाहत बसायचे. मी एकदा पोरांवर ओरडले तर म्हणाले, जाऊ द्या बाई, का होते. मला त्यांचा असा राग आला की सांगता सोय नाही. जुना चिडका माणूस परत हवा होता मला. दोन वर्षांनी ते निवृत्त झाले. निरोप समारंभात भाषण करायला उठले, थोडा वेळ उभे राहिले आणि खाली बसले.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते नवेगावच्या आठवडी बाजारात. वांगी घेत होते मी. समोरच्या रांगेत मासेवाल्या बायका बसतात, त्यात सरिता होती. पदर खोचलेला, पुढ्यात विळी, हात कोपरापर्यंत खवल्यांनी माखलेले. तिच्यासमोर कापगते सर उभे होते, पिशवी उघडी धरून. मला आश्चर्य वाटलं, कारण सर माळकरी. त्यांच्या घरात अंडंसुद्धा येत नसे. वांगीवाल्या बाईनंच सांगितलं की हे म्हातारबुवा दर बाजाराला येतात, तिच्याचकडून मासोऱ्या घेतात आणि जाताना रस्त्यावरच्या शेवटच्या घरी देऊन टाकतात.

सरितानं मासे कापले, धुतले, पिशवीत टाकले. मग विळी बाजूला ठेवून तिनं वर पाहिलं. आवाज चढवला नाही तिनं, रागही नव्हता त्यात. मी दोन हातांवर होते, म्हणून ऐकू आलं.

"सर, सहा दिवस मले काहीच आठवत नाही. बाजाराच्या दिवशी तुमी दिसता अन् मंग समदं आठवते. पुढच्या बाजारी नका येऊ जी."

सरांनी पैसे तिच्यापुढे ठेवले.  मग म्हणाले, "हव, बाई."

एवढ्याशा पोरीला ते बाई म्हणाले. पिशवीचं तोंड आवळून त्यांनी ती पोटाशी धरली आणि गर्दीतून माझ्या अंगावरून निघून गेले. मी हाक मारली नाही. पुढे वर्षभर मी दर बाजाराला त्या रांगेकडे पाहत होते. सरिता असायची. सर काही पुन्हा आले नाहीत.